तुरटीचा खडा: कुठे वापरावा, कुठे थांबावं

टिळकवाडीतली काँग्रेस विहीर बेळगावकरांना ठाऊक आहे. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. येणाऱ्या लोकांच्या पाण्याची सोय म्हणून ही विहीर खणली गेली आणि खर्च आला ४,३७० रुपये ३ आणे. पुढे नव्वदच्या दशकातल्या टंचाईत शहरातल्या जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या गेल्या, त्यांत हीसुद्धा होती. टिळकवाडी, शहापूर, अनगोळ या भागांतल्या कितीतरी जुन्या घरांच्या परसात आजही आड आहेत. नळाला पाणी सुटलं नाही, की दोर आणि घागर बाहेर निघते.

आपल्या भागातली माती तांबडी, जांभ्या दगडाची. मृगाचा पाऊस पडून गेला की आडाचं पाणी चहासारखं दिसतं आणि नळालाही दोन-चार दिवस गढूळ येतं. मग डब्यातून तुरटीचा खडा बाहेर येतो. घागरीत चार वेढे फिरवला, तासाभराने पाणी निवळलं, की ते पिण्याजोगं झालं असं घरोघरी समजलं जातं. तोच खडा दाढीनंतर गालावरून फिरतो, तोंड आलं की गुळणीत पडतो, काखेत घासला जातो आणि क्वचित एखाद्या आजीच्या सल्ल्याने पोटातही जातो.

खडा स्वस्त आहे, गुणी आहे, पण त्याचं काम मर्यादित आहे. तुरटी गाळ बसवते आणि कातडी आकसवते. जंतू मारण्याचा भरवसा तिच्यावर ठेवता येत नाही आणि पोटात घेण्याची ती वस्तू नव्हे. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचे बहुतेक निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील. कुठे, किती आणि कसं, ते क्रमाने पाहू.

दुकानात कोणती मागाल?

तुरटी म्हणून बाजारात दोन वेगळ्या वस्तू मिळतात. किराणा दुकानात आणि काष्ठौषधीवाल्याकडे मिळते ती काचेसारखी, अर्धपारदर्शक खड्यांची पांढरी तुरटी. ही पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांचं सल्फेट असते. काही वेळा पोटॅशियमच्या जागी अमोनियम असतं. तिच्या वजनात जवळजवळ ४५ टक्के पाणीच असतं, ते स्फटिकात बांधलेलं. अंगाला लावायला, गुळणीला आणि घरच्या पाण्याला हीच घ्या.

दुसरी म्हणजे मळकट पांढऱ्या किंवा पिवळसर तपकिरी लाद्यांची ‘फिल्टर अलम’. ती साधं अ‍ॅल्युमिनियम सल्फेट असते, त्यात लोहाचा अंश आणि न विरघळणारा कचराही असू शकतो. ती जलशुद्धीकरण केंद्रांसाठी आणि कारखान्यांसाठी. स्वस्त मिळते म्हणून ती दाढीच्या डब्यात ठेवू नका.

या वस्तूचं मूळ आपल्या घराजवळच आहे. चंदगडकडच्या पठारांवर बॉक्साइट सापडतं. बेळगावच्या यमनापुरातला कारखाना, ज्याला आपण अजून ‘इंडाल’ म्हणतो आणि जो आता हिंडाल्कोचा आहे, बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना आणि त्याचं हायड्रेट बनवतो. हायड्रेटवर गंधकाम्लाची प्रक्रिया केली की अ‍ॅल्युमिनियम सल्फेट तयार होतं.

खडा पाण्यात काय करतो?

गढूळ पाण्यातले मातीचे कण इतके बारीक असतात की दोन-दोन दिवस तळाला बसत नाहीत. त्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलत राहतात. तुरटी विरघळली की तिच्यातलं धनभारित अ‍ॅल्युमिनियम हा भार मोडतं. शिवाय पाण्यातल्या क्षारतेशी संयोग होऊन अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे चिकट, पांढुरके पुंजके तयार होतात. हे पुंजके मातीचे कण गोळा करत खाली उतरतात. काचेच्या बाटलीत पाहिलंत तर दहाएक मिनिटांत कापसाच्या कणांसारखे पुंजके तरंगताना दिसतील, आणि मग हळूहळू वरून खालपर्यंत पाणी मोकळं होत जाईल.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली: टाकलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा बहुतेक भाग गाळाबरोबर तळाला जातो, पण तळाचं पाणी तुम्ही ढवळून प्यायलात तर तो पोटात जातो. दुसरी: पाण्यात क्षारता नसेल तर पुंजके धरत नाहीत. आपल्याकडे भर पावसात आडात उतरलेलं पाणी मऊ असतं आणि कधी कधी ‘तुरटी लागतच नाही’ असा अनुभव येतो, तो यामुळे. अशा वेळी आणखी तुरटी घालणं चूक. खाण्याच्या चुन्याच्या निवळीचे काही थेंब आधी घातले तर काम होतं. तिसरी: स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात तुरटी फिरवणं निरर्थक आहे. बसवायला गाळच नसेल, तर तुम्ही पाण्यात फक्त अ‍ॅल्युमिनियम आणि तुरटपणा वाढवता.

घरी मात्रा कशी ठरवाल?

‘चार वेढे फिरवा’ या मापात गडबड आहे. खडा केवढा, पाणी किती गार, वेढे किती सावकाश, यावर मात्रा बदलते. जलशुद्धीकरण केंद्रात रोज पाण्याचे नमुने भांड्यांत घेऊन वेगवेगळ्या मात्रांनी ढवळून पाहतात आणि त्या दिवसाची मात्रा ठरवतात. घरीही हे अर्ध्या दिवसात जमतं.

१. तुरटी कुटून पूड करा. १० ग्रॅम पूड अर्धा लिटर स्वच्छ, उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवा. हे द्रावण काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बाटलीत भरा आणि वर ठळक चिठ्ठी लावा. तांब्या-पितळेत ठेवू नका, कारण ते आम्लधर्मी असतं. यातल्या ५ मिलिलिटरच्या एका चमच्यात १०० मिलिग्रॅम तुरटी येते.

२. एक लिटरच्या चार पारदर्शक बाटल्या गढूळ पाण्याने भरा. सुई नसलेल्या सिरिंजने त्यांत अनुक्रमे अर्धा, एक, दीड आणि दोन मिलिलिटर द्रावण घाला. म्हणजे मात्रा लिटरला १०, २०, ३० आणि ४० मिलिग्रॅम झाली.

३. बाटल्या आधी मिनिटभर जोरात हलवा, मग दहा मिनिटं अगदी सावकाश फिरवत राहा. सावकाश फिरवण्याची पायरी गाळू नका. पुंजके मोठे होतात ते तेव्हाच.

४. दोन तास ठेवून द्या. ज्या सर्वांत कमी मात्रेत पाणी नितळ झालं, ती तुमची मात्रा.

समजा दुसरी बाटली निवळली. मग १० लिटरच्या घागरीला २०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन चमचे द्रावण. पुन्हा तीच रीत: आधी जोरात ढवळा, मग सावकाश, मग दोन-चार तास किंवा रात्रभर झाकून ठेवा. वरचं पाणी घागर न हलवता अलगद दुसऱ्या भांड्यात ओता, तळचं चार बोटं पाणी टाकून द्या आणि ओतताना चौपदरी धुतलेल्या सुती फडक्यातून गाळा. पाण्याला तुरट चव आली किंवा निवळल्यावरही दुधी झाक राहिली तर मात्रा जास्त झाली असं समजा. ते पाणी धुण्या-भांड्याला वापरा.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अ‍ॅल्युमिनियमची इष्ट मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्रॅम आहे आणि दुसरी सोय नसेल तेव्हा ०.२ मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. लिटरला ३० मिलिग्रॅम तुरटी घातली तर तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम भरतं सुमारे १.७ मिलिग्रॅम. म्हणजे मर्यादेत राहायचं तर त्यातलं बहुतेक सगळं गाळातच जायला हवं. निथळणं आणि गाळणं या पायऱ्या म्हणून महत्त्वाच्या.

घरात आरओ यंत्र असेल तर गच्चीवरच्या टाकीत तुरटी टाकू नका. न बसलेले पुंजके पडद्यावर जाऊन चिकटतात आणि पडदा लवकर निकामी होतो. टाकीत गाळ झाला असेल तर टाकी धुणं हाच उपाय.

निवळलेलं पाणी अजून प्यायचं नाही

लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथे. गाळाबरोबर पुष्कळ जंतूही तळाला जातात हे खरं. पण ‘पुष्कळ’ म्हणजे ‘सगळे’ नव्हेत, आणि तळाला गेलेले मेलेले नसतात. टायफॉइड, कॉलरा, जुलाब, कावीळ यांचे जंतू आणि विषाणू नितळ पाण्यातही असू शकतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. निपाणीपासून जवळच असलेल्या इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली, ती दूषित पाण्यातूनच. असा विषाणू तुरटीच्या भरवशावर सोडून चालत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी तुरटी, मग गाळणं, मग उकळणं किंवा क्लोरिन. हा क्रम उलटा करू नका, कारण गढूळ पाण्यात घातलेलं क्लोरिन मातीतल्या सेंद्रिय द्रव्यावरच खर्च होतं आणि जंतूंसाठी काही उरत नाही.

उकळायचं तर पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या आणि ती पूर्ण एक मिनिट टिकू द्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. तरीही एक मिनिट पुरतं. नुसत्या बुडबुड्यांवर गॅस बंद करू नका. क्लोरिनच्या गोळ्या वापरणार असाल तर पाकिटावर लिहिलेल्या लिटरप्रमाणेच घाला आणि अर्धा तास थांबून मग प्या.

तुरटीने आणखी काय होत नाही, तेही सांगतो. पाण्याचा जडपणा जात नाही, खारेपणा जात नाही, नायट्रेट किंवा शेतीची औषधं जात नाहीत. फ्लोराइड काढण्यासाठी नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने सत्तरच्या दशकात तुरटी आणि चुना वापरणारी ‘नालगोंडा पद्धत’ विकसित केली, पण तिथे तुरटीची मात्रा कितीतरी मोठी असते आणि पाण्याची तपासणी करूनच ती ठरवावी लागते. घरच्या घागरीत तो प्रयोग नको.

आडात, विहिरीत खडे टाकू नका

पावसाळ्यात पाच-दहा किलो तुरटी थेट विहिरीत सोडण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्याने फायदा थोडा आणि त्रास जास्त. बसलेला गाळ विहिरीतच राहतो, मोटर सुरू झाली की पुन्हा उठतो आणि त्याच्याबरोबर अ‍ॅल्युमिनियमही वर येतं. पाणी वर काढा, मग घागरीत किंवा पिंपात त्यावर तुरटीची क्रिया करा.

विहिरीत टाकायची ती ब्लीचिंग पावडर, ज्याला पालिकेचे कर्मचारी ‘टीसीएल’ म्हणतात. चांगल्या प्रतीच्या, म्हणजे ३३ टक्के क्लोरिन असलेल्या पावडरीचं रूढ प्रमाण १,००० लिटरला २.५ ग्रॅम आहे. गोल विहिरीतलं पाणी मोजायला व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५ करा, मापं मीटरमध्ये घेतली तर उत्तर घनमीटरमध्ये येईल. ३ मीटर व्यासाच्या आडात ४ मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८,००० लिटर. त्याला ७० ग्रॅम पावडर. ती बादलीत पाणी घालून कालवा, चुना तळाला बसू द्या, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत खाली-वर करत मिसळा. निदान तासभर ते पाणी उपसू नका. रात्री टाकलेलं उत्तम.

ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर आलं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा आलं. असा पूर ज्या विहिरीत शिरला, तिला हे नेहमीचं प्रमाण पुरत नाही. आधी पूर्ण उपसा, गाळ काढा, क्लोरिन घाला आणि पाण्याचा नमुना तपासून घेतल्याशिवाय पिऊ नका.

दाढी, काख आणि सलूनमधला खडा

कातडीवर तुरटी काय करते हे पटकन कळतं: ती वरच्या थरातली प्रथिनं साकळवते, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि वस्तऱ्याच्या ओरखड्यातून येणारं रक्त थांबतं. ओल्या गालावरून खडा हलक्या हाताने फिरवा, अर्ध्या मिनिटाने पाण्याने धुवा आणि त्वचा कोरडी असेल तर खोबरेल लावा. खोल जखम, भाजलेली जागा, गळू किंवा इसब यांवर तुरटी लावू नका. रक्त दाबून धरूनही दहा मिनिटांत थांबत नसेल, तर ती जखम टाक्यांची आहे.

खरा धोका खड्यात नाही, तो एकाच्या गालावरून दुसऱ्याच्या गालावर जाण्यात आहे. रविवारी सकाळी सलूनमध्ये बसून पाहा: एकच गुळगुळीत झालेला खडा वाटीतल्या पाण्यात बुडवून, रक्ताचा ठिपका आला तिथे टेकवून, पुन्हा त्याच वाटीत ठेवला जातो. पुढच्या माणसालाही तोच. हेपेटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकू शकतो, आणि तुरटी त्याला मारेल या भरवशावर राहता येत नाही. नवं पातं मागायला आपण शिकलो, तसं तुरटीचंही शिकायला हवं. स्वतःचा छोटा खडा डबीत घालून न्या, नाहीतर ‘मामा, तुरटी नको, नुसतं पाणी लावा’ म्हणा. सलून चालवणाऱ्यांनी खड्याऐवजी पूड ठेवावी आणि दर गिऱ्हाइकाला ती नव्या कापसावर द्यावी.

काखेच्या वासाला तुरटी चालते. आंघोळीनंतर ओल्या काखेत एकदा फिरवली की घामातून वास निर्माण करणाऱ्या जिवाणूंची वाढ काही तास रोखली जाते. केस काढल्यावर त्याच दिवशी लावू नका, आग होते. काळसर डाग, खाज, पुरळ आलं तर बंद करा. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या: ‘अ‍ॅल्युमिनियम-मुक्त’ म्हणून महाग विकला जाणारा स्फटिक ही तुरटीच असेल, तर त्यात अ‍ॅल्युमिनियम आहेच. घामावरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या उत्पादनांमुळे स्तनाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे त्या भीतीपोटी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

तान्ह्या बाळाच्या अंगाला, नाळेच्या जागी किंवा नाजूक अवयवांना तुरटी लावू नका. स्त्रियांना ‘आतून धुण्यासाठी’ तुरटीचं पाणी सुचवणारे सल्ले फिरत असतात. ते पाणी तिथली त्वचा सोलवटतं आणि संसर्गाला वाट करून देतं.

तोंड, घसा, डोळे

तोंड आलं असेल किंवा हिरड्यांतून थोडं रक्त येत असेल, तर ग्लासभर कोमट पाण्यात चिमूटभर तुरटी विरघळवून दिवसातून दोनदा चूळ भरा, थुंका आणि साध्या पाण्याने तोंड धुवा. चार-पाच दिवसांत फरक पडला नाही तर थांबा. गुळणी करून थुंकणं ज्या मुलांना जमत नाही, त्यांना देऊ नका. तव्यावर फुलवलेली तुरटीची लाही थेट फोडावर दाबण्याची रीत आहे, तीही सोडा. पाणी निघून गेल्याने लाही जास्त तीव्र असते आणि तोंडातली नाजूक त्वचा जाळते.

निपाणी परिसर तंबाखूचा. तंबाखू, गुटखा, मावा, मिश्री यांची सवय असलेल्या माणसाच्या तोंडात दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं यांतलं काही दिसलं तर तुरटीची गुळणी चालू ठेवून वेळ घालवू नका. तुरटीने ठणका थोडा कमी होतो आणि माणूस तपासणी पुढे ढकलतो. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप जास्त असते, आणि हे दोन-चार महिनेच मोलाचे असतात.

डोळे आले म्हणून तुरटीच्या पाण्याचे थेंब घालण्याचा उपाय पूर्ण बंद करा. हे पाणी आम्लधर्मी असतं, घरी केलेलं असल्याने निर्जंतुक नसतं, आणि बुबुळाला इजा करू शकतं. चुकून पूड डोळ्यात गेली तर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि नेत्रतज्ज्ञाकडे जा.

पोटात गेलं तर?

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये अन्नातून येणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमची मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम ठरवली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००८ मध्ये ती १ मिलिग्रॅम धरली होती. ६० किलोच्या माणसाला पहिल्या हिशोबाने आठवड्याला १२० मिलिग्रॅम. एक ग्रॅम तुरटीत ५७ मिलिग्रॅम अ‍ॅल्युमिनियम असतं. म्हणजे दोन ग्रॅम तुरटी पोटात गेली की आठवड्याचा कोटा जवळजवळ संपला. खोकल्यासाठी मधातून तुरटीची लाही, मूळव्याधीवर तुरटीची पूड, असे उपाय ऐकून करू नका. आयुर्वेदातलं स्फटिका (तुरटी) भस्म घ्यायचं असेल तर ते वैद्यांनी तपासून दिलेलंच असावं.

निरोगी माणसाच्या आतड्यातून अ‍ॅल्युमिनियम एक टक्क्याहूनही कमी शोषलं जातं आणि तेही मूत्रपिंडं बाहेर टाकतात. म्हणून नीट निथळलेल्या पाण्यातल्या अंशाने घाबरण्याचं कारण नाही. ज्यांची मूत्रपिंडं अशक्त आहेत त्यांची गोष्ट वेगळी. सत्तरच्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातल्या अ‍ॅल्युमिनियममुळे रुग्णांच्या मेंदूवर गंभीर परिणाम झाल्याचं उघड झालं. डायलिसिसमध्ये एका वेळी शंभर लिटरहून जास्त पाणी रक्ताशी पातळ पडद्याआडून संपर्कात येतं, आतड्याची गाळणी तिथे नसते. तेव्हापासून त्या पाण्याचे नियम फार कडक झाले. घरात मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर त्याच्यासाठी तुरटीचं पाणी वापरू नका, आणि जळजळीवरची अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पातळ औषधं किंवा गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

अल्झायमर आणि अ‍ॅल्युमिनियम यांचा संबंध वर्षानुवर्षं तपासला गेला. अ‍ॅल्युमिनियममुळे हा आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही. एकदम मोठी मात्रा मात्र त्रास देते. इंग्लंडमध्ये कॅमलफर्ड इथे ६ जुलै १९८८ रोजी २० टन अ‍ॅल्युमिनियम सल्फेट चुकीच्या टाकीत ओतलं गेलं आणि सुमारे २०,००० लोकांच्या नळांत ते पाणी गेलं. उलट्या, जुलाब, तोंडाला फोड, पुरळ अशा तक्रारी आल्या, आणि त्याचे दीर्घ परिणाम काय झाले यावर पुढे अनेक वर्षं वाद चालला.

टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो आहे, म्हणून लसीबद्दलही दोन शब्द. इथे पूर्वी देवीची लस तयार होत असे. तिच्यात तुरटी नव्हती. पण १९२६ मध्ये ग्लेनी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने घटसर्पाच्या लसीत तुरटी वापरल्याने प्रतिकारशक्ती अधिक चांगली जागी होते हे दाखवलं, आणि आजही धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला अशा लसींत अ‍ॅल्युमिनियमची संयुगं असतात. ते प्रमाण एका डोसला साधारण एक मिलिग्रॅमच्या आत असतं आणि त्यामागे दशकांचा अनुभव आहे. घरातल्या तुरटीबद्दलची सावधगिरी लसीवर लावून मुलाचा डोस चुकवू नका.

स्वयंपाक आणि कपडे

लोणच्याच्या फोडी करकरीत राहाव्यात, पेठा टणक व्हावा म्हणून तुरटी वापरतात. काही ठिकाणी दूध दाणेदार फाटावं म्हणूनही. आपला कुंदा दह्याने फाडलेल्या दुधाचा उत्तम होतो, त्याला तुरटीची गरज नाही. लोणच्यासाठी फोडी तुरटीच्या पाण्यात भिजवल्या असतील तर दोन-तीन पाण्यांनी धुवून मगच मसाला भरा. त्याहून सोपं म्हणजे ताजी कैरी आणि पुरेसं मीठ.

कापड रंगवण्यात मात्र तुरटीचा खरा मान आहे. मंजिष्ठा, हळद, डाळिंबाची साल असे नैसर्गिक रंग धाग्यावर टिकवायला ती लागते. रेशीम-लोकरीला कापडाच्या वजनाच्या १० ते २० टक्के तुरटी पुरते. सुताला आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवावं लागतं. बाजारातली रंग जाणारी साडी तुरटीने पक्की होईल ही आशा ठेवू नका. आजचे रंग वेगळ्या जातीचे असतात. ती वेगळी धुवा, एवढंच.

घरात ठेवताना

तुरटी, खडीसाखर आणि टाकणखार एका फळीवर तीन सारख्या डब्यांत ठेवले की चूक ठरलेली. देवघराजवळ खडीसाखर आणि शेजारी तुरटी असेल तर लहान मूल फरक करणार नाही. तुरटी स्वयंपाकघराबाहेर, न्हाणीघरातल्या वरच्या फळीवर, नाव लिहिलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. धान्यात घालायच्या सेल्फॉसच्या गोळ्यांतही अ‍ॅल्युमिनियमचंच संयुग असतं, पण ते अतिशय विषारी आहे. त्या राहत्या घरात ठेवूच नका.

मुलाने तुरटी चाटली तर तोंड धुवून थोडं पाणी द्या. चवच इतकी वाईट असते की तो पुन्हा मागणार नाही. मोठा तुकडा किंवा चमचाभर पूड गिळली असेल तर उलटी करायला लावू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ दवाखाना गाठा आणि डबी बरोबर न्या.

चार माणसांच्या घराला पावसाळ्यासाठी १०० ग्रॅम पांढरी तुरटी पुष्कळ झाली. लिटरला २० मिलिग्रॅमच्या मात्रेने तेवढ्यात ५,००० लिटर पाणी निवळतं. त्याच खरेदीत एक सिरिंज, क्लोरिनच्या गोळ्यांचं पाकीट आणि चिठ्ठी लिहायला मार्कर घ्या. मृगाआधी आणून ठेवा, म्हणजे नळाला पहिलं तांबडं पाणी आलं की मात्रा अंदाजाने घालावी लागणार नाही.